फेफड्यातलं पाणी

धावडा,
९ जुलै २०२४

मोनिका,

तुह्यं जाडजूड पाकीट वसंता टपालवाल्यानं माह्या हातात दिलं आन् म्हन्ला, "कडूबाई, कोर्टाचे कागद दिसतात." म्हन्लं, कोर्टाचे न्हाईत बाबा, माह्या नातीचे हायेत. पुण्याला माणसांच्या छात्या फाडायचं शिकून राह्यली. तवापासून तो टपाल देताना जरा लांबूनच हात करतो.

फोनवर मला आता काही ऐकू येत न्हाई, फोडणी चुरचुरल्यावानी नुस्ता आवाज येतो, म्हणून लिहिते. दुसरीपर्यंतच्या शाळेत जेवढं बसतं तेवढं बसवलं हाय. चुका काढत बसू नको.

मेंढरंवाल्या घरातल्या माणसांच्या फेफड्यात पाण्याची गाठ काहून होती, ते तुला शोधायचं हाय म्हणतीस. शोध बाई. आधी सहा वर्षं डॉक्टरकी, मंग तीन वर्षं कापाकापी, आन् आता अजून तीन वर्षं नुस्ती छातीच. आपला शेजारचा रायभान चार दिवसात मेंढी कातरायला शिकल्ता.

तुह्ये सवालांचे कागद घेऊन बेचाळीस घरं मी स्वतः फिरले. तुहा बाप म्हन्ला, मी जातो. पर रामप्रसाद एका घरी चहाला बसला की तिथंच दिवस मावळतो, म्हणून त्याला घरी ठेवला. तू कागदावर लिहिलंस, "आपण कुत्रा पाळता का?" बेचाळीसच्या बेचाळीस घरांनी सांगितलं, न्हाई. तसंच लिहिलं. एक बी खाना रिकामा सोडला न्हाई.

इकडं मिरचीची तोडणी चालू हाय. तुही माय तिखट कुटायला बसली की मला ठसका लागतो. बाकी ठणठणीत.

तुही आजी,
कडूबाई


पुणे,
१७ जुलै २०२४

आजी,

नमस्कार. कागद मिळाले. तुझं अक्षर आमच्या सरांच्या अक्षरापेक्षा पुष्कळ चांगलं आहे, निदान वाचता तरी येतं.

पण कुत्र्याच्या रकान्यात बेचाळीस वेळा "न्हाई" वाचून मी डोकं धरून बसले. आजी, ही गाठ म्हणजे एका जंताचं घर. जंत राहतो कुत्र्याच्या पोटात. त्याची बारीक अंडी कुत्र्याच्या घाणीतून गवतावर, भाजीवर, आपल्या हातावर येतात. मेंढीच्या पोटात गेली तर मेंढीला गाठ, माणसाच्या पोटात गेली तर माणसाला. मेंढरंवाल्यांच्या घरात कुत्रंच नसेल तर माझा अर्धा शोध संपला. सरांनी काल सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टर, तुमच्या गावात मेंढ्या काय मांजरं राखतात?" सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार.

खरं सांग, धावड्यात आता एकही कुत्रं राहिलं नाही? मी लहान असताना आपल्याच मेंढवाड्यावर चार होती.

उरलेला अर्धा शोध ऑपरेशनचा आहे. गाठ काढली की फुप्फुसात एक पोकळी उरते. काही सर्जन ती आतून टाके घालून मिटवतात. काही म्हणतात, तशीच सोडा, फुप्फुस फुगलं की ती आपोआप भरते. कोणतं चांगलं, ते ठामपणे कोणालाच सांगता येत नाही. मी साठ रोग्यांमध्ये ते पाहते आहे.

ठसका किती दिवसांचा आहे?

मोनिका


धावडा,
२५ जुलै २०२४

मोनिका,

तुह्या सरांना सांग, मांजरं राखत न्हाईत, पर राखत असती तर त्यांनी तुह्यापेक्षा बरे सवाल इचारले असते.

अगं, "पाळता का" असं इचारलंस तू! कुत्रं पाळतात ते तुमच्या पुण्यातले. बिस्किटं घालतात, थंडीत झंपर चढवतात, सकाळी दोरी धरून निघतात आन् ते जिथं पाय वर करंल तिथं गुमान उभे राहतात. आपल्याकडं कुत्रं कोण पाळतं? आपलं कुत्रं कळपाचं. रायभानला मी इचारलं, "कुत्रं पाळतो का रे?" तर म्हन्ला, "छ्या! मी काय सायब हाय का?" तवा त्याची तीन कुत्री त्याच्या पायापाशी बसल्ती. एक तर तुह्या कागदावरच बसलं, डाग दिसला असंल.

मी तरी काय करू? तू जे इचारलं त्याचं उत्तर लिहिलं. मेंढवाड्यात रांगलेली पोर, आन् आपल्याच लोकांना सवाल कसा टाकायचा ते इसरली.

आता असं इचार: "कळपामागं कुत्री किती?" आन् त्याच्याखाली असं इचार: "मेंढरू कापल्यावर खराब फेफडं कुठं टाकता?"

हे दुसरं काहून, ते सांगते. कुत्र्याकडून मेंढीला गाठ होती, हे तू लिहिलं. कुत्र्याच्या पोटात जंत कुठून येतो, ते लिहिलं न्हाई. मी दोन दिवस इचार केला. मेंढरू कापलं आन् फेफड्यात पाण्याचा फुगा निघाला, तर ओंगळ म्हणून आपण खात न्हाई. उचलायचं आन् कुत्र्यापुढं फेकायचं. माह्या सासूनं फेकलं, मी फेकलं, तुही माय सत्यशीला फेकती. मंग जंत कुत्र्याला आम्हीच चारून राह्यलो. बराबर का?

राह्यलं पोकळीचं. वाकळीला खोल भोक पडलं तर मी वरून टाका मारत न्हाई. वरून मिटलं की आतल्या चिंध्या एका जागी गोळा होतात आन् निजणाऱ्याला टोचतात. तळच्या थराला टाका घालून वर वर यायचं. फेफड्याचं मला ठाऊक न्हाई. पर पोकळ जागा ठेवली की तिथं काहीतरी येऊन बसतंच.

ठसका मिरचीचा हाय. किती दिवसांचा ते मिरचीला इचार.

कडूबाई


पुणे,
२ ऑगस्ट २०२४

आजी,

तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं, झंपरासकट. वाकळीचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. पोकळी मिटवायची असेल तर आम्ही अगदी तसंच करतो, तळापासून टाके घालत वर येतो. सर म्हणाले, "ह्या बाईंचं शिक्षण कुठं झालं?" मी म्हणाले, "जिल्हा परिषद शाळा, दुसरी. पास की नापास ते त्या सांगत नाहीत."

आणि फेफड्याचं तुझं शंभर टक्के बरोबर आहे. कुत्र्याला जंत होतो तो तसलं फेफडं खाऊनच. पुस्तकात ते छापलेलं आहे, मी परीक्षेत लिहिलेलं आहे, आणि आपल्या अंगणात शंभर वेळा पाहिलेलं आहे. तीन गोष्टी मी कधी एकत्र ठेवल्याच नाहीत. तूच चुलीपाशी बसून ठेवल्यास.

नवे कागद पाठवते, तुझे दोन्ही प्रश्न तुझ्याच शब्दांत. एक प्रश्न मी वाढवला आहे: "खोकताना कधी तोंडात एकदम खारट पाणी आलं का? त्यात द्राक्षाच्या सालीसारखा पातळ पांढरा पडदा निघाला का?" कोणी "हो" म्हणालं तर त्याची गाठ आतल्या आत फुटली आहे असं समजायचं आणि मला त्याच दिवशी कळवायचं. खोकला थांबला, आता बरं वाटतं, असं ते सांगतील. ऐकू नकोस. फुटलेल्या गाठीत पुढं पू होतो.

आईचं तिखट कुटणं अजून चालूच आहे का?

मोनिका


धावडा,
२१ ऑगस्ट २०२४

मोनिका,

घे, तुहा मेलेला अर्धा शोध जिता झाला. कुत्रं न पाळणाऱ्या बेचाळीस घरांत मिळून सत्त्याण्णव कुत्री निघाली. रायभान स्वतःच मोजून दचकला.

खराब फेफडं एकोणचाळीस घरं कुत्र्याला टाकतात. दोन घरं उकिरड्यात टाकतात, म्हंजे कुत्र्यालाच, फक्त त्याला चालायला लावून. एक घर माळकरी निघालं, त्यांनी चहा न देता मला अर्धा तास मटण किती वाईट ते सांगितलं.

खारट पाण्याच्या सवालाला एकेचाळीस घरं न्हाई आन् एक हो. चौदावं घर. बाईचं नाव गिरिजाबाई, वय बहात्तर. आखाडात ओसरीवर बसल्ती, खोकला आला आन् तोंडभर खारट पाणी. त्याच्यात पांढरी साल, कडवंची गावच्या द्राक्षाची असती बराबर तशी. बाईनं थुंकून राखेनं झाकलं. तिला वाटलं कवळीचं काही सुटलं का काय. आता ती बिलकुल बरी हाय. तू म्हन्ली जल्दी कळव, म्हणून कळवलं. तिला पुण्याला यायला जमणार न्हाई, घरी लई काम हाय. गोळी असंल तर टपालानं पाठव, मी नेऊन देईन.

कडूबाई


पुणे,
२७ ऑगस्ट २०२४

आजी,

गिरिजाबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. मी त्यांच्या तेराव्याला आले होते. तू माझ्या शेजारी बसून त्यांच्या सुनेच्या भाजीला नावं ठेवत होतीस. मेलेल्या बाईला ह्या आखाडात खोकला कसा आला?

आईशी बोलले. ती म्हणाली, घरात होळीनंतर तिखट कुटलेलं नाही.

बाबा शनिवारी तुला भोकरदनला एक्स-रेला नेतील. ते चहाला कुठंही थांबणार नाहीत, मी बजावलं आहे. तूही कुठं थांबायचं नाहीस.

मोनिका


धावडा,
५ सप्टेंबर २०२४

मोनिका,

काढला फोटो. तुला रामप्रसादनं मोबाइलवर पाठवला, आन् तू काय सांगितलं कोण जाणे, तो तिथंच बाकड्यावर बसून रडायला लागला. म्हन्लं, फेफडं माह्यं हाय, रडतो तू काहून? लोकांना वाटलं तोच रोगी.

गिरिजाबाईचं नाव टाकलं, कारण ती भांडायला येणार न्हाई. जित्या बाईचं टाकलं असतं तर तिनं माह्या झिंज्या उपटल्या असत्या.

सांगितलं न्हाई ते दोन गोष्टींसाठी. एक तर तू सगळं टाकून धावत आली असतीस, आन् तुह्या सरांनी पुन्हा मांजरं काढली असती. दुसरी गोष्ट अशी का, पन्नास वर्षं ज्या हातानं मी कुत्र्यापुढं फेफडं फेकलं, त्याच हातानं आपलं नाव त्या खान्यात लिहायला लाज वाटली. झालं. ह्याच्यावर तू काही लिहू नको.

आपरेशनचं म्हणशील तर नको. बहात्तर झाले. जुन्या लुगड्याला टाका घातला की ते टाक्याच्या बाजूनं फाटतं, तुला ठाऊक हाय.

पर तू ऐकणार न्हाईस, तुह्या आज्यावर गेलीस. मंग माही एक अट हाय. तुह्या वहीत साठ रोगी हायेत म्हणतीस. त्यात मला धरणार असलीस तर येते. आजी म्हणून येणार न्हाई. आजी म्हणून आले आन् टेबलावर गेले तर फुकट गेले. वहीत असले तर पुढच्याच्या कामाला आले.

कडूबाई


पुणे,
११ सप्टेंबर २०२४

आजी,

सरळ सांगते, तुला आडवळण आवडत नाही.

गाठ उजव्या फुप्फुसात आहे, मोसंबीएवढी. फुटली आहे, अर्धं पाणी अजून आतच आहे. फुटलेली गाठ इतकी मोठी असली की नुसत्या गोळीनं जात नाही. ठेवली तर पू होईल, ताप येईल, रक्त पडेल. काढली तर बहुतेक माणसं बरी होऊन घरी जातात. तुझ्या वयाला धोका जास्त आहे. तो किती, ते आमच्या भुलीच्या डॉक्टर तुला तपासून तुझ्या तोंडावर सांगतील.

तुझ्या अटीचं सरांना विचारलं. आजीला वहीत घ्यायचं की नाही ह्यात नातीनं बोलायचं नाही, असा नियम आहे. म्हणून माझ्यासोबत शिकणारी डॉक्टर ज्योत्स्ना तुला सगळं समजावून सांगेल. तुझी सही किंवा नकार तीच घेईल. नकार दिलास तरी ऑपरेशन तेवढंच नीट होईल. ऑपरेशन सर करतील, मी आत नसेन. नंतर तुझी मोजमापं ज्योत्स्ना घेईल.

आणि टाके घालायचे की नाही, हे तू ठरवायचं नाहीस. मीही नाही, सरही नाहीत. छाती उघडून गाठ काढली की एक बंद पाकीट फोडायचं. आत "टाके" निघालं तर टाके, "टाके नाहीत" निघालं तर नाहीत.

लुगड्याचं म्हणशील तर माणसाचं कातडं पुन्हा जुळून येतं, लुगडं येत नाही. एवढा एक फरक आहे. बाकी तुझा मुद्दा मान्य.

ये.

मोनिका


धावडा,
१८ सप्टेंबर २०२४

मोनिका,

पाकीट? अगं, सरपंचाच्या आरक्षणाची सोडत काढतात तशी माह्या फेफड्याची सोडत काढणार तुम्ही? रायभानला सांगितलं तर म्हन्ला, "काकू, महिला राखीव निघंल." त्याला घराबाहेर काढला.

रागानं मी दोन दिवस जेवले न्हाई. म्हंजे भाकर खाल्ली, भात सोडला. मंग निवांत बसून इचार केला. मला निवडायला सांगितलं असतं तर मी टाकेच म्हन्ले असते, कारण हातात सुई धरायची सवय. तुह्या सरांना सांगितलं असतं तर त्यांनी त्यांच्या सवयीचं केलं असतं. जो तो आपल्या सवयीचं करणार आन् खरं कोणतं ते कुणालाच कळणार न्हाई. फेफडं कुत्र्याला टाकायची बी सवयच व्हती की. पाकीट ज्यानं काढलं तो माणूस हुशार हाय. त्याला नमस्कार सांग.

येते. रविवारी निघतो. रामप्रसाद सोबत हाय, रडला तर मी त्याला शिवाजीनगरलाच सोडून देईन.

सत्यशीलाला सांगून ठेवलं, गावात कुठं बी मेंढरू कापलं तर फेफडं खोल खड्ड्यात पुरायचं, वर दगड. आठ दिवस झाले, गल्लीतली कुत्री माह्याकडं पाहून गुरगुर करतात. त्यांना कसं सांगावं.

कडूबाई


वॉर्ड सात, खाट अकरा,
९ ऑक्टोबर २०२४

मोनिका,

तू दिवसातून तीनदा माह्या खाटेपाशी येतीस, पर तवा तू डॉक्टरीण असतीस. कागदावर पाहतीस, बाटलीवर पाहतीस, माह्यावर शेवटी पाहतीस. म्हणून हे लिहून दैवशाला सिस्टरच्या हाती देते. ती परभणीची हाय, पोरगी चांगली, सुई दुखवती पर आधी सांगून.

मी मेले न्हाई. हे तू फोटोत पाह्यलंच असंल.

बरगडीपाशी असं दुखतं का मेंढ्यानं टक्कर दिली. छातीतून नळी काढून बाटलीत सोडली, त्यात दोन दिवस हुक्क्यावानी बुडबुडे आले. ज्योत्स्ना येऊन ते मोजून जाती. मोठ्या मोठ्या डॉक्टरीण झाल्या आन् बुडबुडे मोजत्यात. दुसरं एक खेळणं दिलं, नळीनं हवा ओढून तीन गोळे वर चढवायचे. दोन चढतात, तिसरा ठोंब्यावानी खालीच बसतो. शेजारच्या खाटेवरच्या सोनूबाईचे तिन्ही चढतात आन् चढले की ती माह्याकडं पाहती.

ज्योत्स्नानं आपरेशनच्या आधी मला एक तास समजावलं. शेवटी मीच तिला म्हन्लं, तुला समजलं का? तवा तिनं सही घेतली.

आता कामाचं. शुद्धीवर आल्याबराबर मी इचारलं, पाकिटात काय निघालं? सगळे एकमेकांकडं पाहून हसले. कुणी सांगेना. माही छाती उघडली, आन् आत काय केलं ते मला सोडून साऱ्या पुण्याला ठाऊक. तू सांग.

कडूबाई


त्याच कागदाच्या मागं,
९ ऑक्टोबर, दुपार

आजी,

सांगता येत नाही. साठ रोगी पूर्ण होईपर्यंत रोग्याला सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे. ज्योत्स्नानं एका तासात हेही सांगितलं होतं, तू तेव्हा तिचे कान टोचलेत की नाही ते पाहत होतीस. रोग्याला कळलं की तो त्याप्रमाणं दुखतं किंवा दुखत नाही असं सांगायला लागतो. मलाही माहीत नाही. तुझा कागद सरांनी बंद करून ठेवला आहे. तुझा नंबर एकतीस. ह्या वेगानं साठावा यायला अजून वर्षभर लागेल.

बुडबुडे कालपासून थांबले. उद्या नळी काढतील. तिसरा गोळा चढला की घरी.

त्या दिवशी मी दाराबाहेर चार तास उभी होते. बाबा आठ चहा प्याले. मी एकही नाही. हे डॉक्टर म्हणून लिहीत नाही.

मोनिका


धावडा,
१४ नोव्हेंबर २०२४

मोनिका,

घरी येऊन महिना होत आला. गोळ्या घेते. ओट्यावरून वेशीपर्यंत जाऊन येते, दम लागत न्हाई. परवा सत्यशीलाशी भांडताना मधी थांबावं लागलं न्हाई, त्यावरून समज.

जनावरांच्या डॉक्टरला रायभाननं धरून आणलं. दोन दिवस लागले, सत्त्याण्णवातल्या एकोणनव्वद कुत्र्यांना जंताचं औषध पाजलं. आठ पळाली. डॉक्टर म्हन्ला, पुन्हा पाजावं लागंल. म्हन्लं, ये, मी हाय.

रोज कुणी ना कुणी येतं आन् टाक्याचा वण दाखव म्हणतं. बाया पाहून डोळ्याला पदर लावतात. मी सांगते, हा वरचा टाका हाय, ह्याचं काही न्हाई, आतल्याचं इचारा. मंग आतल्यावर वाद सुरू होतो. अर्धा गाव म्हणतो टाके घातले, अर्धा म्हणतो न्हाई. रायभान कळप घेऊन परतूरकडं निघाला, जाताना वेशीतून वरडून गेला, "काकू, निकाल लागला का कळवा!" वसंता टपालवाला आता जवळ येऊन टपाल देतो आन् आधी पाकिटावरचा शिक्का पाहतो, पुण्याचा हाय का.

काल भजनाच्या बाया आल्त्या. त्यातली एक म्हन्ली, "कडूबाई, पोराबाळांचं झालं, नात डॉक्टरीण झाली, देवानं एवढ्यातून वाचवलं. आता सुखानं डोळे मिटायला तू मोकळी." मला लई राग आला. म्हन्लं, मोकळी कशी? माह्याच छातीत काय करून ठेवलंय ते मला अजून कुणी सांगितलं न्हाई.

तुही वही आता चौतिसावर आली असं रामप्रसाद म्हणत व्हता. तुला परीक्षा हाय, सरांची घाई असंल, ते सगळं बराबर. पर बाई, साठावा माणूस सावकाश शोध. मला बिलकुल जल्दी न्हाई.

कडूबाई